काँक्रीटवरच्या रेघा

चांगला रस्ता कसा असतो, असे वर्गात विचारले तर बहुतेक मुले ‘गुळगुळीत’ असे उत्तर देतील. मोठ्या माणसांचेही उत्तर बहुधा तेच असते. खड्डे आणि गचके यांनी बेजार झालेल्या आपल्यासारख्यांना गुळगुळीत रस्ता म्हणजे सुखाची परमावधी वाटली तर नवल नाही. पण रस्ता बांधणारे अभियंते काय करतात ते पाहा. काँक्रीट ओतून, दाबून, अगदी सपाट केल्यावर ते घट्ट होण्याच्या आत त्यावरून पोलादी दात्यांची एक लांब फणी ओढतात आणि मुद्दाम रेघा पाडतात. या रेघा साधारण ३ मिलिमीटर रुंद आणि ३ ते ४ मिलिमीटर खोल असतात. एवढ्या मेहनतीने सपाट केलेला पृष्ठभाग पुन्हा खरबरीत कशासाठी करायचा?

बुलडाणा जिल्ह्यातल्या शिक्षकांना आणि विद्यार्थ्यांना हा प्रश्न परका नाही. नागपूर ते मुंबई हा ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग मेहकर, सिंदखेडराजा, देऊळगावराजा या भागांतून जातो. ११ डिसेंबर २०२२ रोजी नागपूर ते शिर्डी हा त्याचा पहिला टप्पा खुला झाला आणि ५ जून २०२५ रोजी इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा सुरू होऊन महामार्ग पूर्ण झाला. मधल्या काळात १ जुलै २०२३ च्या मध्यरात्रीनंतर सिंदखेडराजा तालुक्यातील पिंपळखुटा येथे एक खासगी प्रवासी बस उलटून पेटली आणि २५ जण मृत्युमुखी पडले. तेव्हापासून या रस्त्याविषयी अनेक मते ऐकू येतात. कोणी म्हणतात, काँक्रीट टायर खाते. कोणी म्हणतात, काँक्रीट तापते आणि टायर फुटतो. कोणी म्हणतात, रेघांमुळे आवाज होतो आणि झोप येते. यातले खरे किती आणि खोटे किती हे ठरवायचे तर त्या तीन मिलिमीटरच्या रेघांचा इतिहास पाहावा लागतो. तो बैलगाडीपासून सुरू होतो.

धाव आणि धूळ

वऱ्हाड हा कापसाचा मुलूख. १८७० मध्ये जलंब ते खामगाव हा लोहमार्ग सुरू झाला तो मुख्यतः कापसासाठीच. पण शेतापासून बाजारापर्यंत कापूस बैलगाडीतूनच यायचा. काळ्या रेगूर जमिनीत ही वाट पावसाळ्यात चिखलाची आणि उन्हाळ्यात भेगांची असे. पक्का रस्ता करायचा म्हणजे काळ्या पाषाणाची, म्हणजे बेसाल्टची खडी पसरायची, तिच्यावर बारीक चुरा आणि पाणी टाकायचे आणि रूळ फिरवायचा. खडी एकमेकींत अडकून बसे आणि चुरा फटी बुजवी.

गाडीच्या चाकाची लोखंडी धाव या खडीवरून फिरली की दगड थोडा थोडा झिजून पूड होई. ही पूड पुन्हा फटींत बसे. म्हणजे चाक रस्ता झिजवत होते आणि डागडुजीचे सामानही तेच पुरवत होते! रस्ता खडबडीत असे, पण घसरण्याचा प्रश्न फारसा नव्हता. ताशी तीन-चार किलोमीटर वेगाने चालणाऱ्या बैलाला थांबायला किती अंतर लागणार?

मोटार आली तेव्हा हे गणित मोडले. रबरी चाक दगडाची पूड करत नाही, उलट वेगाने जाताना असलेली पूड उडवून देते. फटी मोकळ्या झाल्या, खडी सुटू लागली आणि रस्त्यांवर धुळीचे लोट उठले. यावर जगभर दोन उपाय पुढे आले. एक, खडी डांबराने चिकटवणे आणि दुसरा, सिमेंट काँक्रीट. आपल्या देशातही मोटारींसाठी रस्ते कसे करावेत याचा विचार १९२७ साली मुकुंद रामराव जयकर यांच्या अध्यक्षतेखालील समितीने सुरू केला. तिच्या शिफारशींनंतर १९२९ मध्ये केंद्रीय रस्ते निधी आणि १९३४ मध्ये इंडियन रोड्स काँग्रेस ही संस्था अस्तित्वात आली. देशातील मुख्य अभियंत्यांनी रस्त्यांची पहिली दीर्घ मुदतीची योजना आखली ती डिसेंबर १९४३ मध्ये नागपूरला. म्हणूनच तिला ‘नागपूर योजना’ म्हणतात.

घोड्याच्या खुरांसाठी

काँक्रीटवरच्या रेघा मोटारीपेक्षा जुन्या आहेत. १८९१ मध्ये अमेरिकेतील ओहायो राज्यात, बेलफाउंटन या गावी जॉर्ज बार्थोलोम्यू यांनी काँक्रीटच्या रस्त्याचा पहिला पट्टा घातला. गावकऱ्यांचा विश्वास बसावा म्हणून त्यांना पाच वर्षांची हमी आणि ५००० डॉलरची जामीनरक्कम द्यावी लागली होती. त्या रस्त्यावर चौकटी-चौकटींच्या खाचा पाडल्या होत्या. कारण साधे होते. त्या काळी रस्त्यावर गाड्या ओढणारे घोडे होते आणि सपाट काँक्रीटवर त्यांचे नाल ठोकलेले खूर घसरले असते.

आपल्याकडे काँक्रीटचा सर्वांत गाजलेला जुना रस्ता म्हणजे मुंबईचा मरीन ड्राइव्ह. १९४० च्या आसपास घातलेले त्याचे काँक्रीट सुमारे सात दशके वापरात होते. पुढे २००० ते २००२ या काळात मुंबई-पुणे द्रुतगती महामार्ग टप्प्याटप्प्याने सुरू झाला आणि काँक्रीटवरून ताशी शंभर किलोमीटरने जाणे मराठी माणसाच्या नित्याच्या अनुभवात आले. या वेगाला रेघांचे काम घोड्याच्या खुरापेक्षा फार निराळे असते. ते कळण्यासाठी खरबरीतपणाचे दोन प्रकार वेगळे करून पाहू.

दोन प्रकारचा खरबरीतपणा

गावातल्या सिमेंटच्या रस्त्यावर बोटाचे टोक हलकेच फिरवा. बारीक पॉलिश पेपरसारखे काहीतरी बोटाला लागते. हा झाला सूक्ष्म खरबरीतपणा. यातले उंचवटे अर्ध्या मिलिमीटरपेक्षा लहान असतात आणि ते मुख्यतः सिमेंटमध्ये मिसळलेल्या वाळूच्या कणांचे असतात. रबर या टोकांवर दाबले जाते आणि पकड मिळते. वाळूचे कण कठीण असले तर ही टोके बरीच वर्षे टिकतात. गारगोटीसारख्या कठीण खनिजाची वाळू याबाबतीत सरस ठरते. दख्खनच्या बेसाल्टमध्ये गारगोटी जवळजवळ नसते. त्यामुळे बेसाल्ट भरडून केलेली वाळू वापरताना ती झिजून गुळगुळीत होणार नाही ना, हे तपासून घ्यावे लागते.

आता डोळ्यांनी पाहा. झाडूने किंवा फणीने ओढलेल्या रेघा दिसतील. हा ठळक खरबरीतपणा. कोरड्या रस्त्यावर त्याचे काम थोडेच असते. पाऊस पडला की मात्र सगळी भिस्त त्याच्यावर असते.

हे सारे मोजायचे कसे? घसरडेपणा मोजण्याचे एक सुटसुटीत साधन मुळात रस्त्यासाठी बनलेच नव्हते. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेत पर्सी सिग्लर यांनी १९४० च्या दशकात, माणसे इमारतींतल्या फरशीवर का घसरतात हे पाहण्यासाठी एक लंबक तयार केला. लंबकाच्या टोकाला रबराचा तुकडा असतो. तो ठरलेल्या उंचीवरून सोडला की पृष्ठभागाला घासत पलीकडे जातो. घर्षण जास्त असेल तर तो पलीकडे कमी उंच चढतो. स्थितिज ऊर्जेचा किती भाग घर्षणात गेला हे त्यावरून थेट कळते. ब्रिटनच्या रोड रिसर्च लॅबोरेटरीने १९५० च्या दशकात त्यात सुधारणा करून ते रस्त्यावर आणले आणि आजही ते जगभर वापरात आहे. शाळेच्या प्रयोगशाळेतला साधा लंबक शिकवताना हे उदाहरण जरूर सांगावे.

पाणी जाणार कुठे?

मोटारीचे एक चाक रस्त्याला जिथे टेकते तो भाग आपल्या तळहाताएवढाच असतो. त्याची लांबी १५ सेंटिमीटर धरू. गाडीचा वेग ताशी १२० किलोमीटर, म्हणजे सेकंदाला ३३.३ मीटर असेल तर रस्त्याचा एखादा बिंदू चाकाखाली किती वेळ राहील? ०.१५ भागिले ३३.३, म्हणजे सुमारे साडेचार सहस्रांश सेकंद. तेवढ्या वेळात तिथल्या पाण्याला बाजूला व्हायचे आहे. त्याला वाट मिळाली नाही तर ते चाकापुढे पाचरीसारखे घुसते आणि चाक रस्ता सोडून पाण्यावर तरंगू लागते. मग सुकाणू फिरवा नाहीतर ब्रेक दाबा, गाडी ऐकत नाही.

याचा पद्धतशीर अभ्यास विमानांमुळे झाला. जेट विमाने ओल्या धावपट्टीवरून घसरू लागली तेव्हा नासाच्या लँग्ले केंद्रातील वॉल्टर हॉर्न आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला प्रयोग केले. त्यांना आढळले की तरंगण्याचा वेग गाडीच्या वजनावर नव्हे, तर प्रामुख्याने टायरमधल्या हवेच्या दाबावर अवलंबून असतो. त्यांचे सूत्र आपल्या सोयीच्या एककांत असे मांडता येते: ताशी किलोमीटरमधला वेग = १६.७ × (पौंडांमधल्या दाबाचे वर्गमूळ). पंपावर आपण ‘बत्तीस पौंड हवा’ म्हणतो तोच हा दाब. ३२ चे वर्गमूळ ५.६६, म्हणून तरंगण्याचा वेग सुमारे ९४. हवा कमी होऊन २४ पौंडांवर आली तर तो सुमारे ८२ पर्यंत उतरतो. रस्त्यावर पुरेसे पाणी साचलेले असेल आणि टायरची नक्षी झिजलेली असेल, तेव्हाच हे सूत्र पूर्णपणे लागू पडते. पण मोटारींसाठी ताशी १२० ची मर्यादा असलेल्या रस्त्यावर पावसाळ्यात हा हिशेब विसरून चालणार नाही.

उपाय दोन प्रकारे होतो. टायरवरची नक्षी पाण्याला वाट देते आणि रस्त्यावरच्या रेघाही देतात. ब्रिटनमध्ये १९५६ च्या सुमारास धावपट्ट्यांवर चर कापण्यास सुरुवात झाली. नासाच्या प्रयोगांनंतर १९६७ मध्ये वॉशिंग्टनच्या विमानतळावरील धावपट्टीला असे चर मिळाले. पाठोपाठ कॅलिफोर्नियातील महामार्गांवर हिऱ्याच्या पात्यांनी चर कापले गेले आणि तिथे पावसातल्या अपघातांत मोठी घट झाल्याची नोंद झाली. नव्या काँक्रीटवर कापण्याऐवजी ओले असतानाच फणीने रेघा ओढणे स्वस्त पडते, म्हणून ती पद्धत रूढ झाली.

या रेघांचे मोल मीटरमध्येही मांडता येते. ब्रेक दाबल्यावर गाडी थांबेपर्यंतचे अंतर म्हणजे वेगाचा वर्ग भागिले (२ × घर्षणांक × ९.८). ताशी १२० वेगाला कोरड्या रस्त्याचा घर्षणांक ०.७ धरला तर हे अंतर ८१ मीटर येते. ओल्या पण चांगल्या रेघांच्या रस्त्यासाठी ०.४ धरला तर १४२ मीटर आणि ओल्या, झिजून गुळगुळीत झालेल्या रस्त्यासाठी ०.२५ धरला तर २२७ मीटर. चालकाच्या मेंदूला लागणारा दीड सेकंद धरला तर प्रत्येक आकड्यात आणखी ५० मीटर मिळवा. म्हणजे दोन ओल्या रस्त्यांमधला फरक ८५ मीटरचा! आणि तो तीन-चार मिलिमीटरच्या खाचा आणि वाळूची धार यांनी पडतो.

टायर खाणारी धावपट्टी

मग रेघा आणखी खोल का करू नयेत? याचे उत्तर अमेरिकेच्या अंतराळयानाने दिले. फ्लोरिडातील केनेडी अंतराळ केंद्रात १९७६ मध्ये ४५७२ मीटर लांबीची काँक्रीटची धावपट्टी तयार झाली. फ्लोरिडाच्या धो धो पावसात पाणी साचू नये म्हणून ती आडव्या चरांनी चांगलीच खरबरीत केलेली होती. एप्रिल १९८५ मध्ये डिस्कव्हरी हे यान आडव्या वाऱ्यात तिथे उतरले आणि त्याचा एक टायर फुटला. यानाचा टायर जमिनीला टेकतो तेव्हा तो फिरत नसतो. यान मात्र ताशी तीनशे किलोमीटरहून अधिक वेगाने पुढे जात असते. त्यात आडवा वारा असला की टायर बाजूलाही घासला जातो. अशा वेळी खरबरीत काँक्रीट कानशीसारखे काम करते. पुढे बराच काळ याने कॅलिफोर्नियातच उतरवली गेली. १९८० च्या दशकाच्या अखेरीस केनेडीच्या धावपट्टीच्या दोन्ही टोकांचा सुमारे १०६७ मीटरचा भाग घासून सौम्य करण्यात आला आणि १९९४ मध्ये बाकीच्या भागाचा खरबरीतपणाही कमी करण्यात आला.

‘काँक्रीट टायर खाते’ या म्हणण्यात तथ्य आहे ते एवढेच. मात्र ही झीज होते ती मुख्यतः टायर घासला जातो तेव्हा, म्हणजे जोरात ब्रेक मारताना, वळताना किंवा चाकांची दिशा जुळलेली नसताना. नीट फिरणारे चाक रेघांवरून फारसे न घासता जाते.

‘काँक्रीट तापल्यामुळे टायर फुटतो’ या समजाचे काय? काँक्रीट फिकट रंगाचे असते. ते डांबरापेक्षा जास्त ऊन परावर्तित करते, म्हणून भर उन्हात त्याचा पृष्ठभाग सहसा डांबरापेक्षा थंडच असतो. दुसरी गोष्ट, हवा तापल्याने दाब किती वाढतो तेही काढून पाहू. २७ अंश सेल्सिअसला टायरमध्ये ३२ पौंड दाब आहे. त्यात वातावरणाचा १४.७ पौंड दाब मिळवला की ४६.७ होतात. टायरमधली हवा ८० अंशांपर्यंत तापली असे धरा. केल्व्हिनमध्ये हे ३०० वरून ३५३ होते. ४६.७ गुणिले ३५३ भागिले ३०० म्हणजे सुमारे ५५. त्यातून १४.७ वजा केले की उरतात सुमारे ४०. बत्तीसचे चाळीस झाल्याने धडधाकट टायर फुटत नाही.

फुटतो तो कमी हवेचा, जास्त ओझ्याचा किंवा जुना, चिरा गेलेला टायर. हवा कमी असली की प्रत्येक फेऱ्यात टायरची बाजू जास्त दबते आणि उसळते. तार वारंवार वाकवली की ती गरम होते, तसेच हे आहे. ताशी १२० वेगाला मोटारीचे चाक सेकंदाला सोळा-सतरा फेरे घेते, म्हणजे त्याची बाजू तेवढ्या वेळा वाकते. आपल्या जुन्या रस्त्यांवर खड्डे, गावे आणि फाटक यांमुळे टायरला आपोआप विश्रांती मिळत असे. समृद्धीवर ती मिळत नाही, चालकाने ती ठरवून द्यावी लागते. दोष रेघांचा नाही, अखंड वेगाचा आणि दुर्लक्षित टायरचा आहे. पिंपळखुट्याच्या अपघातानंतर टायर फुटल्याचे चालकाने सांगितले होते, पण परिवहन विभागाच्या प्राथमिक तपासणीत त्याला पुरावा मिळाला नाही. ‘टायर फुटला’ म्हटले की आपण पुढचा विचार थांबवतो. रस्त्याकडे बोट दाखवून मोकळे होण्याने पुढचा अपघात टळत नाही.

रस्ता गातो तेव्हा

आता आवाजाकडे वळू. कंगव्याच्या दात्यांवरून नख हळू फिरवा. खरखर ऐकू येते. वेगाने फिरवा, आवाज बारीक, उंच पट्टीचा होतो. आडव्या रेघांवरून जाणाऱ्या टायरचे नेमके हेच होते. रेघा एकमेकींपासून समान २५ मिलिमीटर अंतरावर असतील आणि वेग सेकंदाला ३३.३ मीटर असेल तर टायर सेकंदाला ३३.३ भागिले ०.०२५, म्हणजे १३३३ रेघा ओलांडतो. १३३३ हर्ट्झचा एक सलग सूर निघतो. पेटीवरच्या मधल्या सप्तकातील पांढरी एकच्या साधारण पाचपट वारंवारतेचा. वेग ८० वर आणला की तो ८८९ हर्ट्झवर उतरतो. म्हणजे गाडीचा वेग कानांनी ओळखता येईल! आपले कान या पट्ट्यात चांगलेच तीक्ष्ण असतात, म्हणून ही किणकिण कानाला बोचते. याशिवाय काँक्रीटचे तुकडे साधारण साडेचार मीटर लांबीचे असतात आणि त्यांच्या सांध्यांवरून जाताना ताशी ८० वेगाला सेकंदाला पाच वेळा ‘टक्’ असा ठोका पडतो. ताल आणि सूर दोन्ही रस्ताच पुरवतो.

एकसुरी ठोका आणि एकसुरी रस्ता यांनी चालकाची सावधानता मंदावू शकते. रस्त्याकडेच्या शाळांचा आणि घरांचा प्रश्न निराळा आहे. वेग ताशी ४०-५० च्या पुढे गेला की मोटारीच्या इंजिनापेक्षा टायरचा आवाज मोठा होतो. वेग दुप्पट झाला तर हा आवाज सुमारे ९ डेसिबलने वाढतो, म्हणजे कानाला जवळजवळ दुप्पट वाटतो. देशाच्या २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार शाळेभोवतीचा १०० मीटरचा परिसर शांतता क्षेत्र ठरवता येतो आणि तिथे दिवसाची मर्यादा ५० डेसिबल आहे. हॉर्न बंद करता येतो, टायरचा आवाज बंद करता येत नाही. तो कमी करायचा तर रस्त्याचा पृष्ठभागच बदलावा लागतो.

यासाठी जगात चार वाटा चोखाळल्या गेल्या. पहिली, रेघांमधले अंतर मुद्दाम असमान ठेवणे. अमेरिकेतील विस्कॉन्सिनमध्ये १९९० च्या दशकात याचे विस्तृत प्रयोग झाले. कंगव्याचे काही दाते वेडेवाकडे तोडून नख फिरवा, सूर मोडतो आणि नुसती खरखर उरते. एकूण आवाज फार कमी होत नाही, पण बोचरा सूर जातो. दुसरी, रेघा आडव्या न पाडता रस्त्याच्या लांबीच्या दिशेने पाडणे. कॅलिफोर्नियाने ही पद्धत धरली. टायर रेघा ओलांडतच नाही, म्हणून सूर उठत नाही. मात्र अशा रेघांत दुचाकीचे चाक थोडे हेलकावल्यासारखे वाटते. आपल्याकडच्या बहुतेक रस्त्यांवर दुचाकी जास्त असल्याने ही अडचण खरी आहे. समृद्धीवर दुचाकींना बंदी आहे, त्यामुळे तिथे हा विचार होऊ शकतो.

तिसरी वाट बेल्जियम आणि ऑस्ट्रियाची. ऑस्ट्रियाने १९९० च्या सुमारास व्हिएन्ना ते साल्झबर्ग महामार्गावर ती मोठ्या प्रमाणावर वापरली. ओल्या काँक्रीटच्या पृष्ठभागावर सिमेंटचे घट्ट होणे लांबवणारा द्रव फवारतात. (साखरेनेही सिमेंटचे घट्ट होणे लांबते, हा प्रयोग वर्गात करण्यासारखा आहे.) दुसऱ्या दिवशी वरचा मऊ थर ब्रशने काढून टाकला की बारीक खडी उघडी पडते. पाण्याला खडीच्या मधून वाट मिळते आणि रेघाच नसल्याने सूरही नसतो. यासाठी वरच्या थरातली खडी न झिजणारी, निवडक लागते. चौथी वाट म्हणजे हिऱ्याच्या पात्यांनी जुना पृष्ठभाग लांबीच्या दिशेने घासणे. १९६५ मध्ये कॅलिफोर्नियात जुन्या काँक्रीटचे गचके काढण्यासाठी ती सुरू झाली आणि पुढे लक्षात आले की घासलेला रस्ता शांतही होतो. ॲरिझोनातील फिनिक्स परिसरात तर २००३ पासून काँक्रीटच्या महामार्गांवर रबर मिसळलेल्या डांबराचा पातळ थर देण्यात आला. तेथील रहिवाशांना आवाज असह्य झाला होता.

या चारही वाटांत एक गोष्ट समान आहे. आवाज कमी करताना ओल्या रस्त्यावरची पकड कमी होऊ द्यायची नाही, ही अट कोणीही सोडलेली नाही. शांत रस्त्यासाठी रेघा बुजवून टाकणे हा उपाय नव्हे.

शाळेत करून पाहण्यासारखे

महामार्गावर मुलांना नेऊ नये, पायी जाण्यास तिथे मनाईच आहे. पण गावातला सिमेंटचा रस्ता किंवा शाळेचे आवार पुरेसे आहे. कोरडी, मैद्याच्या चाळणीने चाळलेली वाळू घ्या. खोकल्याच्या औषधाच्या बाटलीचे १० मिलिलिटरचे टोपण वाळूने भरून घ्या. वाळू जमिनीवर ओता आणि सपाट ठोकळ्याने गोल गोल पसरवा, जोवर ती रेघांत बसून वरच्या टोकांच्या पातळीला येत नाही तोवर. वर्तुळाचा व्यास मोजा. १० घन सेंटिमीटरला वर्तुळाच्या क्षेत्रफळाने भागले की खाचांची सरासरी खोली मिळते. व्यास १३ सेंटिमीटर आला तर क्षेत्रफळ सुमारे १३३ चौरस सेंटिमीटर आणि खोली पाऊण मिलिमीटर. व्यास २० आला तर खोली ०.३ मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे हा रस्ता पावसात घसरवणार. प्रयोगशाळांतही थोड्या काटेकोरपणे हीच पद्धत वापरतात.

हीच मोजणी दर वर्षी पावसाळ्यापूर्वी त्याच जागी केली आणि वहीत नोंदवून ठेवली तर काही वर्षांत रस्ता किती झिजला याचा आलेख तयार होईल. बस थांब्याजवळची, चढावरची आणि शाळेच्या फाटकासमोरची जागा घेतली तर ब्रेक लागतात तिथे झीज जास्त होते हेही मुलांना दिसेल. सोबत शिक्षकांच्या दुचाकींचे टायर तपासावेत. मोटारीच्या टायरवर नक्षीच्या खाचेत झिजेची खूण असते, ती १.६ मिलिमीटरची आहे. नक्षी झिजून त्या पातळीला आली की टायर बदलायचा. ही खूण कुठे असते हे घरी जाऊन वडिलांना, काकांना दाखवायला मुलांना सांगावे. आणि ग्रामपंचायत नवा सिमेंट रस्ता करील तेव्हा मिस्त्रीला एवढेच विचारायला शिकवावे, ‘काका, थापीने घोटून झाल्यावर झाडू कधी ओढणार?’